शेवटच्याचं होईपर्यंत

कुराडेबाईंचा एक नियम होता आणि तो त्यांनी पोटच्या पोरीलाही कधी मोडू दिला नव्हता. शाळेच्या फाटकातून आत आलं की जुईने त्यांना आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. जुईनेही तो इमानेइतबारे पाळला. पाचवीत असताना मैदानावर पडून तिचा गुडघा फुटला, तेव्हाही ती "बाई, बाई" करत रडतच शिक्षकांच्या खोलीत आली. बाकीच्या शिक्षकांना हसू आवरेना, हेमांगी कुराडेंना मात्र मनातून अभिमान वाटला. शिक्षकांच्या पोरांचे वर्गात कसे लाड होतात हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं आणि आपल्या हातून तसं होऊ द्यायचं नाही, ही खूणगाठ बांधली होती. चांगुलपणाच्या गाठीही कधीकधी गळ्याशी येतात, हे त्यांना तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

शाळा गडहिंग्लजपासून जरा आत, हिरण्यकेशीच्या काठच्या गावात होती. त्या काळात वाचन म्हणजे मोडीत निघालेला धंदाच झाला होता. फोन बोलायचा, चष्मा बोलायचा, दुकानाची पाटीसुद्धा कानात येऊन आपलं नाव सांगायची. मग अक्षरं लावत बसायचं कोणी? पोरं नववीत यायची ती बोलायला चुरूचुरू आणि वाचायला ठार. शेवटी सरकार जागं झालं आणि नववीच्या अखेरीला वाचनाची पडताळणी सक्तीची झाली. कुठलंही यंत्र न वापरता दोन पानं वाचायची आणि काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. जमलं नाही, तर दहावीचं दार बंद.

कुराडेबाई आधीपासूनच मुलांना चौघाचौघांत बसवून वाचायला लावत. एकाने उतारा वाचायचा, दुसऱ्याने त्यावर प्रश्न विचारायचे, तिसऱ्याने अडलेले शब्द उलगडायचे, चौथ्याने सगळं थोडक्यात सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी कामं बदलायची. पद्धत चांगली होती, पण तिची खोड जगजाहीर होती. चौघांतला हुशार एकटा गाडा ओढतो आणि उरलेले तिघे त्यात मजेत बसून जातात. ही खोड मोडायला पुण्याच्या एका संशोधन संस्थेने यंत्र तयार केलं आणि त्याला नाव दिलं 'पंगत'.

यंत्र म्हणजे कपाळाला बांधायची एक मऊ पट्टी आणि समोर एक वाचनपाटी. संस्थेच्या डॉ. पल्लवी केतकर शिक्षकांना समजावून सांगायला स्वतः आल्या होत्या. "वाचताना आपले डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, उड्या मारतात," त्या म्हणाल्या. "दोन उड्यांच्या मधे टेकतात तेव्हा मेंदू अक्षरांचा आवाज आणि अर्थ यांची सांगड घालतो. चांगल्या वाचकाच्या मेंदूत हे काम एका लयीत चालतं. कच्च्या वाचकाची लय तुटते, मग त्याच्या हाती नुसती अक्षरं राहतात, वाक्य काही येत नाही."

पट्टी चौघांच्याही लहरी मोजायची, त्यांतली सर्वांत स्वच्छ लय निवडायची आणि बाकीच्यांच्या कपाळाला त्या लयीत अगदी बारीक विजेचे ठोके द्यायची, जाणवणारही नाहीत इतके मंद. भजनात नवखा टाळकरी चांगल्या पखवाजाच्या आधाराने तालात येतो, तसंच. आणि नियम एकच. चौघांतल्या शेवटच्या मुलाला अर्थ लागल्याची खूण त्याच्या मेंदूत उमटत नाही, तोवर पाटीवरचं पान कोणासाठीच उलटायचं नाही.

"म्हणूनच पंगत," केतकर हसून म्हणाल्या. "शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही."

कुराडेबाईंना ते ऐकून भरून आलं. त्यांच्या माहेरी गावजेवणाला हीच रीत होती. ताट चाटूनपुसून लख्ख झालं तरी हात वाळवत बसायचं, पण टोकाच्या आजोबांचा ताकभात संपल्याशिवाय उठायचं नाही. घाई करणाऱ्या पोराला मोठी माणसं नुसतं डोळ्यांनी बसवायची.

अडचण आली ती पंगत मांडताना. प्रत्येक चौकडीत एक उत्तम वाचणारा, दोन मधले आणि एक अगदी कच्चा हवा होता. हुशार मुलांचे आईबाप कच्च्यांची नावं बघून नाकं मुरडायला लागले. सगळ्यांत जास्त नाकं मुरडली गेली ती बसूच्या नावाला. बसू म्हणजे बसवराज मगदूम. घरात कानडी, शाळेत मराठी आणि वाचनाचा दोन्हीकडून उपवास. एकेक अक्षर तो विहिरीतून घागर ओढावी तसा ओढायचा आणि अडलं की डाव्या हाताचा अंगठा बाकावर आपटायचा, टक, टक, टक. त्याच्याबरोबर आपलं लेकरू बसवायला कोणी तयार होईना.

"माझी मुलगी बसेल," कुराडेबाई पालकसभेत म्हणाल्या. वर्गात जुईइतकं वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. चौकडीतले उरलेले दोघे म्हणजे अफरीन नदाफ आणि सुजय शिंत्रे. घरी गेल्यावर बाईंनी जुईला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. जुई तेव्हा एका हाताने जेवत आणि दुसऱ्या हाताने पुस्तक धरून वाचत होती. "बरं," ती मान वर न करता म्हणाली.

दिवाळीपर्यंत बसूचा अंगठा थांबला. संक्रांतीपर्यंत तो पाटीवरची गोष्ट वाचून पुढे काय होईल यावर सुजयशी भांडायला लागला. बसूची आई शांतव्वा मिरचीच्या वखारीत देठ खुडायला जायची. एके दिवशी ती लाल झालेली बोटं पदरात लपवत शाळेत आली.

"बाई, आमच्या बसवण्णाच्या देवळाच्या पायरीवर नावं कोरल्यात न्हवं का, ती ह्यानं काल वाचली," ती म्हणाली. "त्यात आमच्या सासऱ्यांचं नाव हाय. एवढी वर्षं त्याच्यावर पाय देऊन जातोय आम्ही. कुणाला ठावं हुतं?"

फोन समोर धरला असता तर त्यानेही ते नाव वाचलं असतं. पण फोन धरायचं कोणाला सुचणार होतं? बाई त्या दिवशी घरी आल्या त्या तरंगतच. पडताळणीत त्यांची शाळा तालुक्यात पहिली आली, बसू पास झाला. नववीची तीच तुकडी बाईंबरोबर दहावीत गेली आणि वरून आदेश आला की पंगत आणखी एक वर्ष चालू ठेवा.

दहावीच्या पहिल्या सत्रात एका रविवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, बाईंच्या कानावर आवाज आला. टक, टक, टक. जुईचे वडील हुबळीला नोकरीला, त्या आठवड्यात आले नव्हते. घरात दोघीच होत्या. बाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. जुई टेबलाशी पुस्तक घेऊन बसली होती. एक बोट ओळीखाली होतं आणि डाव्या हाताचा अंगठा टेबलावर आपटत होता.

बाई दारातच थांबल्या. जुई पानाच्या शेवटाला आली, बोट थांबलं. ती तशीच बसून राहिली.

"पान उलट की गं," बाई म्हणाल्या.

"हो." पण तिने उलटलं नाही.

"कुणाची वाट बघतेस?"

"कुणाची नाही," जुई दचकून म्हणाली आणि तिने घाईघाईने पान उलटलं.

मग बाईंना एकेक आठवत गेलं. जेवताना तिच्या हातात पुस्तक दिसलं त्याला किती महिने झाले होते? वाढदिवसाला आणलेल्या पुस्तकांवरचं वेष्टनसुद्धा निघालेलं नव्हतं. वयात आलेली पोर आहे, लक्ष उडत असेल, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. शिक्षकाला चाळीस पोरांच्या वाचनातली खोट दिसते, पण घरच्या दिव्याखाली अंधारच असतो. त्यांनी आठवीचा एक उतारा काढून तिला मोठ्याने वाचायला लावला. जुई वाचत होती ती सावकाश, धरून धरून, आणि अडत होती ती नेमकी बसू अडायचा तिथे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी केतकरांना गाठलं. पडद्यावर केतकरांचा चेहरा दमलेला दिसत होता.

"तुमच्या एकटीचा फोन नाही हा," त्या म्हणाल्या. "लय वरून खाली जाईल एवढंच आम्ही धरून चाललो होतो. पण पट्टी चौघांनाही असते आणि पान सगळ्यांचंच अडतं. पखवाजवाला कच्च्या टाळकऱ्याला वर्षभर सांभाळून घेत राहिला, तर त्याचा स्वतःचा हात जड होतो. मेंदू थांबायला शिकला, बाई. ते आम्हीच त्याला शिकवलं."

"परत येईल?"

"पट्टी काढली तर बरंचसं येईल असं वाटतं. जितकं लवकर काढाल तितकं बरं. खात्री नाही देत."

"आणि बाकीचे तिघे?"

"ती लय अजून त्यांच्यात मुरलेली नाही. रोज उजाळा मिळाला तर टिकते. जुई उठली की यंत्र उरलेल्यांतला सगळ्यांत चांगला वाचक निवडेल आणि त्याच्या जिवावर चालेल. माझा अहवाल वर गेलाय, निर्णय यायला महिने लागतील. तोवर वर्गात काय करायचं ते तुम्हीच ठरवा."

बाईंनी ठरवायला एक रात्रही घेतली नाही. जुईचं डोकं दुखतं, डॉक्टरांनी पट्टी नको म्हटलंय, असं त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं. डॉक्टरबिक्टर कोणी नव्हतं. खोटं बोलताना जीभ अडखळेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती सफाईने चालली. वर्गात आणखी नऊ चौकड्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक जुई होती. ती मुलं डोळ्यांसमोर आली तेव्हा बाईंनी मनाला बजावलं, की अहवाल गेलाय, वरची माणसं बघतील.

जुई शेवटच्या बाकावर एकटी बसून साधं पुस्तक वाचायला लागली. तीन आठवड्यांत तिचं बोट ओळीखालून उचललं गेलं. आणि त्याच तीन आठवड्यांत पुढच्या बाकावरून पुन्हा आवाज यायला लागला. टक, टक. बसू वाचता वाचता थांबायचा, मागे वळून जुईकडे बघायचा आणि पुन्हा पाटीकडे वळायचा. चौकडीचं यंत्र आता अफरीनच्या लयीवर चालत होतं.

शनिवारी अफरीनचे वडील शाळेत आले. यासीन नदाफांचं गावात गाद्यांचं दुकान होतं. त्यांनी बगलेतून एक छोटी उशी काढली, निळ्या खोळीची, कडेला पांढरी दोरी शिवलेली.

"खुर्चीत पाठीला लावा, बाई. दिवसभर बसून पाठ धरती," ते म्हणाले. "आमची अफरीन सांगत हुती, जुईच्या जागंवर आता तिला घेतलंय म्हून. तिच्याच वाचण्यावर तिघं चालत्यात म्हनं. आमच्या खानदानात पुस्तकाला कोण हात लावलेला न्हाई बघा. तुमचं लई उपकार झालं."

"उपकार कसले," बाई म्हणाल्या. उशी घेतली, आणि घ्यायला नको होती हे हातात घेतल्याबरोबर कळलं.

शाळेत ठेवायची लाज वाटली म्हणून त्यांनी ती घरी आणली. पण जुईने ती पाहिलीच.

"ही अफरीनच्या घरची. तिचे अब्बा अशीच दोरी लावतात," जुई म्हणाली. मग तिने उशी हातात उलटीपालटी केली. "आई, माझं डोकं कधी दुखत होतं?"

बाई खाली बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. जुईने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. पूर्वी ती दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची. आता बाईंचं बोलणं पुरतं संपेपर्यंत थांबली, आणि बाईंना तेही खुपलं.

"म्हणजे मला उठवलंस आणि माझ्या ताटावर अफरीनला बसवलंस," ती शेवटी म्हणाली.

"यंत्राने बसवलं तिला."

"तू बघत होतीस ना?"

बाईंनी उशी तिच्या हातून घेऊन बाजूला ठेवली.

"मला परत बसव तिथे," जुई म्हणाली. "बसूचं अजून व्हायचंय. मधेच कसं उठायचं? तूच सांगायचीस ना आजोळच्या जेवणाचं?"

"जुई, तुझं वाचन जाईल गं. तुझं तुला कळतंय का, तू हे काय बोलतेस?"

"नाही कळत," जुई म्हणाली. "हे मला वाटतंय की त्या पट्टीने शिकवलंय, ते कसं कळणार? तू सांग. तू आई आहेस ना?"

हेमांगी कुराडेंनी आजवर हजारो प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहिली होती. चांगली पोर घडली म्हणायचं की बिघडलेली, हे ज्या आईला ओळखता येईना, तिने कोणाकडे बघावं? त्यांनी जुईला जवळ घेतलं. अंधार पडायच्या आत त्यांनी नदाफांना फोन लावला. "अफरीनला सोमवारपासून पट्टी लावू देऊ नका," त्या म्हणाल्या. "का ते मी उद्या पालकांची सभा घेऊन सांगते. सगळ्यांसमोर सांगते."

सभा वर्गातच भरली. बाईंनी काही लपवलं नाही, डोकेदुखीचं खोटंसुद्धा नाही. व्हायचा तो गोंधळ झाला. हुशार मुलांचे बाप उठून उभे राहिले, तक्रारीची भाषा झाली, मुख्याध्यापक घाम पुसत राहिले. यासीन नदाफ मात्र बसूनच होते.

"तीन आठवडे, बाई," ते इतकंच म्हणाले. "तुमची पोरगी तेवढी काढून घेतला. आमची न्हाई दिसली?"



मग कोपऱ्यातून शांतव्वा उठली. इतका वेळ ती सगळ्यांची तोंडं बघत होती. "म्हंजे बाई," तिने विचारलं, "आमच्या बसूला जे वाचाय यायला लागलंय, ते चोरीचं हाय व्हय?"

मघापासून तावातावाने बोलणाऱ्यांनीही नजरा वळवल्या.

"चोरीचं नाही हो," बाई म्हणाल्या. "दिलेलं आहे. पण ज्यांनी दिलं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. चूक माझी आहे, बसूची नाही."

"आन् आता त्याचं कसं?"

"आता मी आहे. जुन्या पद्धतीने. जमेल की नाही, सांगता येत नाही."

शांतव्वा खाली बसली. तिचं समाधान झालं नव्हतं आणि ते होण्यासारखं बाई काही बोललेल्याही नव्हत्या. पट्ट्या काढायच्या, एवढं ठरलं.

सोमवारी कपाटातून जुनी पाठ्यपुस्तकं बाहेर निघाली. वर्षभराची धूळ फडक्याने झटकून बाईंनी ती वाटली. मुलं तशीच चौघाचौघांत बसली होती, मोकळ्या कपाळांनी. जुईही आपणहून पुढच्या बाकावर येऊन बसली. तिच्या कपाळावर पट्टी नव्हती, म्हणून बाईंनी अडवलं नाही. अफरीन आज आली नव्हती, तिची जागा रिकामी होती.

"पान पहिलं. मनातल्या मनात वाचा," बाई म्हणाल्या.

वर्गात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. हळूहळू एकेका मुलाचे डोळे पानाच्या तळाशी पोचले. मग सगळीकडे शांत झालं आणि त्या शांततेत एकच आवाज उरला. टक, टक, टक. बसू अजून तिसऱ्या ओळीत होता. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

बाईंनी वर्गावर नजर फिरवली. कोणीच पान उलटलं नव्हतं. एकाही कपाळाला पट्टी नव्हती, ठोके देणारं यंत्र खोक्यात बंद होतं आणि तरी सगळी मुलं, ज्यांची बसूशी कधी दोस्तीही नव्हती तीसुद्धा, पानाच्या शेवटी बोट टेकवून बसली होती. कोणी खिडकीबाहेर बघत नव्हतं, कोणी हसत नव्हतं. गावजेवणात मोठी माणसं बसायची तशी बसली होती.

निदान हुशार मुलांनी तरी पुढे जावं, त्यांचं आणखी नुकसान नको, असं त्यांना वाटलं. त्या जुईच्या बाकाशी गेल्या आणि तिच्या पुस्तकाचं पान उलटायला त्यांनी हात पुढे केला.

जुईने तळहात पानावर ठेवला.

"आई, थांब ना," ती म्हणाली. वर्गात, सगळ्यांसमोर. "त्याचं व्हायचंय अजून."

बाईंचा हात तसाच राहिला. या पोरीला शाबासकी द्यावी की पोटाशी धरून रडावं, हे त्यांना कळेना. त्या तिथेच, बाकाच्या कडेला टेकल्या. बसूने अंगठा उचलला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.